सोनेरी झाकणं, लाल झाकणं

पहिली बाटली उघडली आणि अर्धी बिअर छताला लागली. दुसरी उघडली, तर आत नुसतं कडू पाणी. फेस नाही, बुडबुडा नाही, झाकण काढताना होतो तो फस्स आवाजसुद्धा नाही. एकाच बादलीतून, एकाच दुपारी, पाठोपाठ भरलेल्या बाटल्या. मी स्वयंपाकघराच्या मधोमध भिजून उभा होतो आणि बायको छतावरच्या डागाकडे बघत होती.

"रंग आत्ताच काढलाय," ती म्हणाली.

"ते सोड गं. हे असं कसं झालं?"

"मला काय विचारतोस? तुझा कारखाना."

घरी बिअर करायला लागून मला काही वर्षं झाली होती. लॉकडाऊनमध्ये लोक पाव भाजायला शिकले, मी हे शिकलो. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, ते शिजवायचं, कडूपणासाठी हॉप्सची फुलं घालायची, गार करून यीस्ट सोडायचं आणि आंबू द्यायचं. आंबली की बाटलीत भरायची, पण भरताना थोडी साखर द्यायची. बाटलीतलं यीस्ट ती साखर खातं आणि बंद झाकणाखाली फेस धरतो. साखर कमी पडली तर बिअर मेलेली. जास्त झाली तर बाटलीचा बॉम्ब. एवढं साधं आहे, आणि एवढ्याचीच मला धास्ती असायची. घरी असं काही करणं कायद्यात बसतं का, याची चौकशी मी मुद्दाम केलेली नाही.

काळजी हा तसा माझा मुख्य धंदा आहे, नोकरी जोडधंदा. नोकरीही अशी की सॉफ्टवेअर लोकांच्या हातात जाण्याआधी ते कुठे कुठे फुटतं ते शोधून काढायचं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका हुडकून झाल्यावर माणसाने घरी येऊन शांत बसावं. मी घरी येऊन बाटल्या हलवून बघायचो.

या कारखान्यात माझी भागीदार होती आई. ती स्वतः थेंब घ्यायची नाही. पण बरण्या धुण्यात, उकळण्यात, फडक्यावर पालथ्या घालून सुकवण्यात तिचा जन्म गेलेला, आणि बाटल्या म्हणजे तिच्या लेखी लोणच्याच्या बरण्याच. माझ्या हाताने धुतलेली बाटली ती नाकाशी नेऊन परत माझ्याकडे द्यायची, "परत धू" म्हणून. माल्ट शिजताना मजल्यावर वास सुटायचा आणि शेजारची गुजराती काकी दारात यायची, तेव्हा आईच पुढे व्हायची. "नाचणीचं सत्त्व शिजवतेय," ती बिनदिक्कत सांगायची. काकीने एकदा वाटीभर मागितलंही होतं. मग आईला खरंच नाचणीचं सत्त्व करून द्यावं लागलं.

आमचं घर बोरिवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या अंगाला. गॅलरीत माकडं येतात, तेव्हा गॅलरीत काही ठेवायची सोय नाही. घरातली सगळ्यात गार खोली आईची, तिथे ऊन पोचतच नाही. म्हणून भरलेल्या बाटल्या तिच्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यात, तिच्या पलंगापासून हातभर अंतरावर असायच्या.

आधीच्या खेपांना साखर आईच द्यायची. प्रत्येक बाटलीत मोजून पाव चमचा, छोट्या नरसाळ्यातून, एक दाणा बाहेर नाही. बिअर झकास व्हायची. पण मी वाचायला लागलो. इंटरनेटवरच्या शहाण्या लोकांचं म्हणणं असं की चमच्याने साखर घालणं कच्च्या लोकांचं काम. साखर पाण्यात विरघळवायची, उकळायची, ती बादलीतल्या सगळ्या बिअरला एकदम द्यायची आणि मग बाटल्या भरायच्या, म्हणजे सगळीकडे सारखी जाते. मला सारखेपणाचा मोह पडला. या खेपेला तसं केलं, आणि सारखेपणाची ही अशी वाट लागली.

मग कारण शोधणं आलं. मी आधी बाटल्यांवर संशय घेतला, नीट धुतल्या नसतील म्हणून. आईने ते एका नजरेत निकालात काढलं. मग उष्णतेवर. पण कप्पा एकच, गारवा एकच. मग यीस्टवर. यीस्टही सगळ्यांना एकाच बादलीतून गेलेलं. आणि मग, नको नको म्हणताना, माझा संशय आईवर गेला.

तो कुठून आला ते सांगायला हवं. गेल्या काही महिन्यांत आई विसरायला लागली होती. आमटीत दोनदा मीठ पडलं. तिचा फोन फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या डब्याशेजारी सापडला. यावर आम्ही हसलो होतो. पण एकदा मी संध्याकाळी घरात शिरलो तर गॅसचा वास. दूध उतू जाऊन बर्नर विझलेला, गॅस तसाच चालू, आणि आई हॉलमध्ये टीव्ही बघत बसलेली. त्या दिवसानंतर कुणी हसलं नाही. मुलुंडला माझी मोठी बहीण राहते. तिने तिच्या घराजवळच्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली आणि मला फोनवर बजावलं, "आता आई काय काय विसरते त्यावर लक्ष ठेव. डॉक्टर विचारतील."

तेव्हापासून मी लक्ष ठेवत होतो. आई खोलीतून बाहेर आली आणि दारात क्षणभर थांबली, तरी मला वाटायचं, का बाहेर आली ते विसरली. आईला कुणाचं नाव पटकन आठवलं नाही तर मी ते मनात लिहून ठेवायचो. मलाही नावं आठवत नाहीत, पण ते मी मोजत नव्हतो.

आणि आता या बाटल्या. मला चित्र डोळ्यांसमोर दिसायला लागलं. मी बाटल्या भरत असताना माझ्या कानात ऑफिसचा कॉल चालू होता, अर्धं लक्ष तिकडे. साखरेचं पाणी आईने बादलीत ओतलं. आणि मग जुन्या सवयीने तिने मधूनमधून बाटलीत चमचाही घातला असेल. काहींत घातला, काहींत राहिला. आधीच्या खेपांना तसंच करायचो ना. हात सवयीने चालतो, आणि डोकं विसरतं की या खेपेला चमचा नव्हताच.

मी तिला विचारलं. सरळ नाही, आडून. "आई, त्या दिवशी बाटल्यांत चमच्याने पण साखर घातलीस का गं?"

"नाही रे. बादलीतच घातली ना सगळी."

"नक्की?"

"नक्की म्हणजे? माका काय येड लागला नाय." आई रागावली की मालवणीवर येते.

दुसऱ्या दिवशी बायकोने विचारलं, मायेने, भाजी निवडता निवडता. मग बहिणीने फोनवर विचारलं. तिच्याशी बोलताना आई पलंगाच्या कडेला बसली होती, मी दारात होतो. पलीकडून बहीण काय बोलत होती ते ऐकू येत नव्हतं. आई चादरीची सुरकुती हाताने सारखी करत होती. मग म्हणाली, "घातली असेन गं. असेल घातली."

मला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, कारण कारण सापडलं होतं. उलट मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि रडलो. त्या दोन बाटल्या मला आईचा रिपोर्ट वाटायला लागल्या होत्या.

त्यानंतर आई बदलली. आमटीत मीठ घालायच्या आधी ती बायकोला हाक मारायची, "घातलं का गं मी?" मग हाक मारायचीही बंद झाली, मीठ बायकोच घालायला लागली. चहाला आईने हात लावणं सोडलं. साखरेचा डबा तर तिने वरच्या फळीवर सरकवला, जिथे तिचा हात पोचत नाही. आम्हाला वाटलं, विसरणं झपाट्याने वाढतंय. बहीण म्हणाली, डॉक्टरांची वेळ अलीकडे मिळते का बघते.

बाटल्या कपाटात तशाच होत्या. हे वाचून कुणीही म्हणेल की अरे, त्यांतल्या अर्ध्या बॉम्ब आहेत हे कळल्यावर त्या म्हातारीच्या उशाशी ठेवल्यास कशाला? बरोबर आहे. रोज ठरवायचो की आज काढतो. पण कुठली गॅसने गच्च आणि कुठली मेलेली ते बाहेरून कळायला मार्ग नव्हता, आणि गच्च बाटली नुसती उचलतानाही फुटू शकते असं मी वाचलं होतं. मी वाचायला नको तेवढं वाचतो.

एका दुपारी ती फुटलीच. मी हॉलमध्ये लॅपटॉपसमोर होतो. आईच्या खोलीतून असा आवाज आला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी "काय झालं?" म्हणून ओरडलं. मी धावलो तेव्हा कपाटाच्या दाराखालून बिअर वाहत येत होती आणि आई पलंगावर उठून बसली होती, दोन्ही हात कानांवर.

"काय फुटला रे?"

"बाटली. तुला लागलं का? काच उडाली का? पाय खाली टाकू नको. आई, पाय वर घे!"

काच कपाटाच्या आतच राहिली होती. दार बंद होतं म्हणून. दार उघडं असतं आणि ती साडी काढायला वाकलेली असती तर, हा विचार मी त्या दिवशी किती वेळा केला ते विचारू नका. आई मात्र माझ्याकडे बघत हळू आवाजात म्हणाली, "माझ्यामुळे झालं ना हे? साखर माझी."

मी "नाही" म्हणालो. पण जरा उशिरा म्हणालो, आणि तिला तेवढं पुरलं.

आता बाटल्या रिकाम्या करणं भाग होतं. फ्रिजमधली भाजी, दूध, सगळं बाहेर काढलं आणि बाटल्या एक एक करून टॉवेलात गुंडाळून आत ठेवल्या, कारण गार बिअर कमी उसळते. दोन दिवस आम्ही फ्रिजला हात लावताना श्वास धरून लावत होतो. मग मी स्कूटरचं हेल्मेट घातलं, काच खाली केली, हातांत ओव्हनचे जाड मोजे चढवले आणि बाथरूममध्ये बसलो. बायको दाराबाहेरून एकेक बाटली आत सरकवायची.

"अंतराळात चाललास का?" ती म्हणाली. पण तीही लांब उभी होती.

पहिली उसळली. दुसरी उसळली. तिसरी मेलेली. चौथी मेलेली. पाचवी अशी उसळली की हेल्मेटची काच धुऊन निघाली. आणि ती काच हाताने पुसताना मला खाली पडलेली झाकणं दिसली. मेलेल्या दोन्ही बाटल्यांची लाल. उसळलेल्यांची सोनेरी.

"पुढची लाल दे," मी आतून ओरडलो.

लाल मेलेली निघाली. आणखी एक लाल, तीही. सोनेरी मागितली, उसळली. मी उरलेल्या जवळजवळ सगळ्या उघडल्या. सोनेरी सगळ्या उसळल्या. लाल एकही नाही. काही सोनेरी तेवढ्या जरा मवाळ होत्या.

बाथरूमच्या फरशीवर बिअरच्या तळ्यात बसून मी आधी साकीनाक्याच्या त्या दुकानाला शिव्या दिल्या जिथून झाकणं आणली होती. लाल झाकणं हलकी, त्यांतून गॅस गळतोय, बस. एक लाल बाटली मात्र न उघडता राहिली होती. ती मी कोमट पाण्याच्या बादलीत आडवी बुडवली आणि बसलो बघत. गळत असती तर आतली हवा तापून बुडबुडे आले असते. एकही आला नाही. म्हणजे झाकणं चांगली होती.

मग आठवलं. त्या दिवशी बाटल्या भरताना सोनेरी झाकणं मध्येच संपली होती. मी कॉलवरच्या लोकांना एक मिनिट म्हणून बायकोला ओरडलो होतो की दुसरं पाकीट कुठंय, आणि तिने लाल पाकीट आणून दिलं होतं. म्हणजे सोनेरी बाटल्या आधी भरलेल्या आणि लाल नंतर. झाकणांचा रंग म्हणजे भरण्याचा क्रम, दुसरं काही नाही.

आई सवयीने मधूनमधून चमचा घालत असती तर दोन्ही रंगांत सरमिसळ दिसली असती. बरं, असंही धरू की पहिल्या बाटल्यांत तिने चमचा घातला, आणि मग आठवलं म्हणून थांबली. तरीही लाल बाटल्यांना बादलीतली साखर मिळायला हवीच होती. त्या नेहमीसारख्या व्हायला हव्या होत्या, मेलेल्या नाही. जास्तीच्या चमच्याने उसळणाऱ्या बाटल्यांचं उत्तर मिळत होतं, मेलेल्यांचं मिळत नव्हतं. बादलीतली साखर लाल बाटल्यांपर्यंत पोचलीच नव्हती. मी हेल्मेट काढलं आणि तसाच ओल्या कपड्यांनी आईच्या खोलीत गेलो.

"आई, ऊठ. त्या दिवशी बादलीत घालायला साखरेचं जे केलं होतंस ना, ते तसंच परत करून दाखव."

"मी नाही बाबा," ती म्हणाली. "तुझी बायको करेल."

"तिने नव्हतं केलं. तूच कर. अगदी तसंच."

"माझ्या हाताने परत काहीतरी होईल. राहू दे ना रे."

मी आईला आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या तरी पातेल्याला घाबरलेलं बघत होतो. मी वरच्या फळीवरून डबा काढला, तिच्यासमोर ठेवला आणि गॅस पेटवला. ती ओट्यापाशी आली, पण बराच वेळ नुसती उभी राहिली. मग तिने पातेल्यात साखर घातली, साखर जेमतेम भिजेल एवढं पाणी घातलं आणि डाव घेतला. एकदा हात चालायला लागला की चालला. साखर विरघळली, उकळी आली. माझ्या डोक्यातलं काम इथे संपत होतं. आई थांबली नाही. ती ढवळत राहिली, पातेलं चकाकायला लागलं, बुडबुडे जाड झाले. तिने डावाच्या टोकावरचा एक थेंब अंगठ्यावर घेतला, जरा फुंकर मारली, तर्जनी त्यावर टेकवून उचलली. दोन बोटांच्या मध्ये बारीक, सरळ तार उभी राहिली.

"झाला," ती म्हणाली आणि गॅस बंद केला. बटण दोनदा चाचपून बघितलं.

"एकतारी?" मी विचारलं. "त्या दिवशी पण एकतारी केला होतास?"

"मगे? पाक कर म्हणालास ना तू. रव्या-नारळाच्या लाडवांना करते तसा केला. कच्चा पाक कोण करतं?"

मी पाकच म्हणालो होतो. शब्दशः. वाचलं ते इंग्रजीत होतं, आईला सांगताना माझ्या तोंडून आपसूक निघालं, "आई, साखरेचा पाक कर." माझ्या मनात साखरेचं पाणी होतं. पण आमच्या घरात पाक म्हणजे पाक. त्याला तार यावी लागते, नाहीतर लाडू वळत नाहीत.

मी काचेच्या ग्लासात गार पाणी घेतलं आणि तो पाक जरा निवल्यावर कडेने ओतला, तिने बादलीत ओतला होता तसा. तो सरळ तळाला गेला आणि तिथे पडून राहिला. वर स्वच्छ पाणी, खाली जाड काचेसारखा थर. बादलीचा नळही तळाशीच. पहिल्या बाटल्यांनी तो पाक ओढून घेतला आणि शेवटच्यांच्या वाट्याला काही उरलं नाही. आणि ढवळायचं नाही हे तर मीच सांगितलं होतं, ढवळलं की बिअरला हवा लागते म्हणून. आई तेव्हा डाव घेऊन पुढे आली होती आणि मी कॉल चालू असताना तिला हातानेच मागे केलं होतं.

मला एवढा आनंद झाला की मी तिला मिठीच मारली, बिअरने भिजलेला तसाच. "आई, तू नाही विसरलीस! तुझा पाक एकदम परफेक्ट होता, तीच तर भानगड झाली!" बायको हसायला लागली. मी तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला आणि तार, तळ, झाकणं असं सगळं एका दमात सांगितलं. तिला ते कितपत कळलं कोण जाणे. "बरं झालं," ती म्हणाली. "पण बाकीचं आहेच ना. डॉक्टरांकडे जायचंय ते जायचंय."

आई हसत नव्हती. ती ग्लासाच्या तळाकडे बघत होती.

"म्हणजे मी साखर दोनदा नव्हती घातली," ती म्हणाली.

"नाही."

"मग मी हो का म्हटलं?"

मी गॅसवरचं पातेलं उगाच बाजूला सरकवलं.

"मला आठवत होतं रे. तो दिवस मला सगळा आठवत होता. पातेल्याला पाक चिकटला होता, तो मी गरम पाण्याने सोडवला, तेसुद्धा. पण तुम्ही एकेक करून विचारलंत. मग मला वाटलं, तुम्हालाच बरोबर माहीत असेल. माझंच काहीतरी जात असेल." तिने गॅसच्या बटणाकडे बघितलं. "आणि गॅस?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. त्या गॅससाठीही एखादं लाल झाकण सापडलं असतं तर मी काहीही दिलं असतं.

"गॅस तू विसरली होतीस, आई. मी आलो तेव्हा चालू होता."

"बरं," ती म्हणाली. तिला ते पटलं, आणि वाईट वाटलं तरी ती त्यावर वाद घालत बसली नाही. मग तिने साखरेचा डबा उचलला आणि खालच्या फळीवर, नेहमीच्या जागी ठेवला.

पुढच्या आठवड्यात आम्ही मुलुंडला गेलो. गोरेगावच्या पुढे लिंक रोडवर टॅक्सी अडकली होती आणि आई खिडकीतून बाहेर बघत होती. मला वाटत होतं की डॉक्टर काहीतरी भयंकर नाव घेतील आणि आम्ही घरी परत येऊ तेव्हा आमचं घर वेगळंच झालेलं असेल. बहीण दवाखान्याच्या दारात आधीच उभी होती.

डॉक्टर चांगले होते, आवाज मऊ. त्यांनी आईला वार विचारला, काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, घड्याळ काढायला लावलं. मग आमच्याकडे वळून म्हणाले, "घरात काय काय लक्षात आलंय तुमच्या?"

बहिणीने सगळं पाठ केलं होतं. "आमटीत दोनदा मीठ पडलं. फोन फ्रिजमध्ये सापडला. मग गॅस चालू राहिला, ते तर फारच... आणि बाटल्यांमध्ये दोनदा साख..." ती अडखळली. तिला आठवलं, पण शब्द निघून गेला होता.

डॉक्टर लिहीत होते.

"गॅस मी विसरले," आई म्हणाली. एकदम स्पष्ट, खुर्चीत पुढे सरकून. "ते खरं आहे. मीठही पडलं असेल. पण साखर मी घातली नव्हती."

डॉक्टरांनी वर बघितलं. मग माझ्याकडे. "आजींना शुगर आहे का? कधीपासून?"

"नाही नाही, शुगर नाही," मी घाईने म्हणालो. "साखर. म्हणजे खायची साखर. ते जाऊ दे डॉक्टर, त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

"संबंध कसा नाही?" आई माझ्याकडे वळली. "सांग त्यांना. काय झालं ते सगळं सांग."

बहिणीने डोळ्यांनी मला गप्प राहायला सांगितलं. बाहेर पेशंट ताटकळत होते. एका अनोळखी डॉक्टरांसमोर बसून, आम्ही घरात बिअर करतो, आई बाटल्या धुते, असं सांगायचं होतं. आई माझ्याकडे बघत राहिली होती. ती घाबरलेली होती, मला ते दिसत होतं, पण नजर काढून घेत नव्हती.

मी सांगितलं. माल्टपासून नाही, पण पाकापासून सांगितलं. एकतारी म्हणजे काय, तो तळाला कसा बसतो, झाकणं कशी संपली, आम्ही तिघांनी तिला काय विचारलं आणि शेवटी तिने हो कसं म्हटलं. डॉक्टरांनी मध्ये एकच प्रश्न विचारला. "म्हणजे त्या दिवसाबद्दल आजींची आठवण बरोबर होती?"

"हो," मी म्हणालो. "तिची बरोबर होती. आमची चुकली."

आईने बोट पुढे करून त्यांच्या समोरच्या कागदावर टेकवलं.

"तां लिवा," ती म्हणाली. "आधी तां लिवा."